भाव कोण ठरवतं?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला 'हस्तकला आणि तरुण उद्योजक' असा विषय दिलाय. पत्रिकेवर तो छान दिसतो. पण मी काही उद्योजक घडवणारी बाई नाही, माझं काम हिशेबाचं. गेली चौदा वर्षं मी सांगली, मिरज आणि सोलापूर भागातल्या बचत गटांच्या आणि लहान कारागिरांच्या वह्या लिहिते आणि पुढे त्यांनाच त्या लिहायला शिकवते. त्यामुळे मोठी स्वप्नं दाखवणारं भाषण माझ्याकडून होणार नाही. मी वहीबद्दल बोलणार आहे.

आधी एक विचारते. आरीचं काम, शिवणकाम, विणकाम, मेंदी, खत्ताती, वाद्यांचं काम, काहीही हाताने करून विकणारे इथे किती जण आहेत? हात वर करा. वीस-बावीस दिसतायत. मागे लाजू नका. आता ज्यांना आपल्या शेवटच्या नगाला किती तास लागले हे आठवतंय, त्यांनीच हात वर ठेवा.

तीन. बरं, बसा. तुमच्यात काही कमी आहे म्हणून हे होत नाही. आपल्याकडे हुनर शिकवताना सगळं शिकवतात. सुई कशी धरायची, धागा कसा ओढायचा, उस्तादसमोर कसं बसायचं. भाव कसा काढायचा, एवढंच शिकवत नाहीत. भाव ठरवणारा नेहमी दुसरा असतो. माल देणारा शेठ असतो, बुटीकवाल्या मॅडम असतात, कारखानदार असतो. आपण फक्त 'कितना दोगे?' एवढं विचारतो. हे उलटं कसं करायचं, तेवढंच मला आज सांगायचंय.

मिरजेपासून सुरुवात करते, कारण इथल्या निम्म्या लोकांना ते गाव माहीत आहे. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात. हे काम सुरू करणाऱ्यांमध्ये फरीदसाहेब सतारमेकर यांचं नाव घेतात. काळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा. ही माणसं मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-हत्यारांना धार लावणारी. संस्थानांच्या फौजांचं काम संपत आलं तसं हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही. त्याच वेळी दरबारी गवयांची वाद्यं दुरुस्तीला येत होती. लोखंड, लाकूड आणि बारीक हत्यारं यांची ओळख असलेल्या या हातांनी ती दुरुस्त केली आणि पुढे नवी घडवायला घेतली. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूरच्या बाजूला पिकणारा मोठा कडू भोपळा त्यांनी आणला आणि धंदा उभा केला. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत येऊन राहिले, १९३७ साली गेले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. त्यांच्यासारखा कलावंत गावात असणं म्हणजे कारागिराला घरबसल्या परीक्षक मिळणं.

ही गोष्ट आपण 'आमचा वारसा' म्हणून सांगतो आणि टाळ्या घेतो. मला त्यात धंद्याची गोष्ट दिसते. जुनं गिऱ्हाईक गेलं तेव्हा त्या लोकांनी नवं शोधलं आणि त्याच हातांना नवं काम दिलं. वारसा म्हणून कुणी शिकलगारीच करत बसलं असतं, तर आज सतारमेकर गल्ली नसती.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे जीआय टॅग. आनंदाची गोष्ट आहे. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. या गावात, या पद्धतीने न बनलेल्या वाद्याला 'मिरज सतार' म्हणून विकता येणार नाही, हा हक्क त्यातून मिळतो. त्या हक्काखाली माल विकायचा असेल, तर कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. मानांकन गावाला मिळालं म्हणून गल्लीतल्या प्रत्येक पोराची मजुरी आपोआप वाढत नाही.

वाद्यांच्या कामातला एक तरुण माझ्याकडे वही शिकायला यायचा. घोडी घासून जवारी काढण्यात त्याचा हात इतका चांगला, की वडीलधारे कारागीर त्याच्याकडे वाद्य पाठवायचे. तो बनवायचा ते तंबोरे एक दुकानदार घेऊन जायचा आणि त्यावर आपल्या दुकानाची पट्टी लावायचा. मी त्याला विचारलं, "तुझ्या वाद्यावर तुझं नाव कुठेय?" तो म्हणाला, "आपा, आतल्या बाजूला पेन्सिलने लिहितो. भोपळा फुटला तर दिसेल." आम्ही दोघंही हसलो. पण ते हसण्यासारखं नव्हतं.

आता आरीच्या कामाकडे येते. इथल्या मुलींपैकी जास्तीत जास्त जणी तेच करतात. गेल्या काही वर्षांत पैठणीवर आरी वर्कचा ब्लाउज ही लग्नाची जणू अटच झालीय. नवरी कुठल्याही धर्माची असो, ब्लाउज बऱ्याचदा आपल्या मोहल्ल्यातल्या अड्ड्यावर भरला जातो. म्हणजे काम भरपूर आहे. मग करणारीच्या हातात काय राहतं?

वहीत लिहितो तसं मांडून दाखवते. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावाप्रमाणे बदला. दोन्ही बाह्या, पाठ आणि गळा भरलेला एक ब्लाउज. मोती, कटदाणा, जरीचा धागा, खडे, अस्तर मिळून माल ७०० रुपयांचा. वेळ ३० तास. इथे मुली मला सांगतात, "नाही आपा, चार दिवसांत होतो." चार दिवस म्हणजे किती तास? सकाळी भाकरी झाल्यावर दोन, दुपारी तीन, रात्री सगळे झोपल्यावर तीन. घड्याळ लावून मोजा, तीसच्या पुढेच जाईल. तासाला ६० रुपये धरू. म्हणजे आठ तासांचे ४८० झाले, ही काही श्रीमंतीची मजुरी नाही. ३० तासांचे १८०० झाले. माल धरून २५००. त्यावर लाइटबिल, सुया, अड्ड्याची दुरुस्ती, मोबाइलचा रिचार्ज, माल आणायला रिक्षा आणि बिघडलेला एखादा नग, यासाठी २५० धरा. २७५०. इथपर्यंत तुम्ही फक्त स्वतःची मजूर आहात. धंदा म्हणायचा तर त्यावर नफा हवा. वीस टक्के धरा, ५५०. झाले ३३०० रुपये.

आता मला सांगा, नगावर काम देणारा तुम्हाला याच ब्लाउजचे किती देतो? माल त्याचा, मजुरी फक्त. कुणीतरी म्हणालं ८००. कुणी ९००. ९०० धरू. ३० तासांचे ९००, म्हणजे तासाला ३० रुपये. तुमचे डोळे, तुमची पाठ, तुमची रात्र यांचे तासाला तीस.

मी असं म्हणत नाही की तो माणूस चोर आहे. तो गिऱ्हाईक आणतो, दुकानाचं भाडं भरतो, नवरीच्या आईचे टोमणे ऐकतो, माल परत आला तर तो सांभाळतो. या सगळ्या कामाला पैसे पडतात. माझं म्हणणं इतकंच की ते काम किती पैशांचं आहे, हे तुम्हाला माहीत असायला हवं. मग ठरवा, की नगावरच राहायचं, की थोडं काम स्वतःच्या नावाने घ्यायचं, की चौघींनी मिळून घ्यायचं. बऱ्याच जणींसाठी पहिलं वर्ष मिश्रच असतं. महिन्यात चार नग शेठचे आणि एक स्वतःचा. नगावरचं काम एका दिवसात सोडा असा सल्ला देणारे लोक असतात. त्यांच्या घरची चूल त्या कामावर पेटत नसते.

ही वही कशी लिहायची? ॲप नको, कॉम्प्युटर नको. शंभर पानी वही घ्या आणि एका नगाला एक पान द्या. वर तारीख, गिऱ्हाईक आणि भरतकामाचा एक छोटा नमुना किंवा चित्र. खाली माल आणि तास. तास दररोजचे दररोज लिहायचे. आठवड्याने आठवून लिहिलेले तास नेहमी कमी भरतात, हा माझा चौदा वर्षांचा अनुभव. बायका स्वतःचा वेळ मोजताना स्वतःलाच सूट देतात. "मुलाला पाजत होते, ते कसं धरू?" ते नका धरू. पण पाजून झाल्यावर रात्री दोनपर्यंत बसलात, ते धरा.

अशी पंधरा पानं झाली, की तुम्हाला समोरच्याशी बोलता येतं. एका मुलीची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, ती इथे नाही आणि तिला विचारलेलं नाही. वय तेवीस, बारावीनंतर घरी बसवलेली. आरीत हात असा, की फुलाच्या पाकळीला सावली दिसावी. तिने तीन महिने वही लिहिली आणि ज्या बुटीकचं काम करायची तिथे वही घेऊन गेली. मॅडमना म्हणाली, "या डिझाइनला बत्तीस तास लागतात, हे बघा. मला १५०० द्या, नाहीतर बारा तासांचं सोपं डिझाइन द्या, ते मी सातशेत करते." मॅडमनी वही पाहिली, थोडी कुरकुर केली आणि १३०० वर तडजोड झाली. तेव्हा तिला ८५० मिळत होते. ना मोर्चा, ना भांडण. एक वही.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग आपल्या सगळ्यांसाठी जास्त अवघड आहे. पैसे यायचे तिच्या भावाच्या मोबाइलवर. तिचं खातं होतं, पण ते शाळेतल्या स्कॉलरशिपसाठी काढलेलं आणि बंद पडलेलं. भाऊ वाईट नव्हता. पैसे आले की अम्मीला द्यायचा, घरातच खर्च व्हायचे. फक्त तिच्या हातून कधी गेले नाहीत. त्यामुळे पुढच्या ब्लाउजचे मोती आणायला ती दर वेळी मागायची. स्वतः कमावलेल्या पैशातून सातशे रुपये मागायचे आणि वर ऐकायचं, "परवाच तर दिले होते."

सांगा, ही कारागीर आहे, की उद्योजक आहे, की घरातलीच बिनपगारी मजूर आहे?

आम्ही बसलो तिच्या अब्बांशी बोलायला. मी म्हटलं, चाचा, पैसे घरातच राहतील, ते कुठे जात नाहीत. फक्त आधी तिच्या खात्यावर येऊ द्या, तिथून ती घरात देईल. चाचा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जे विचारलं ते खरं होतं. "आणि लग्न ठरलं तर? सासरचे म्हणतील पोरगी धंदा करते." मी म्हटलं, सासरचे नाही म्हणणार असतील तर ते आत्ताच कळलेलं बरं. हे बोलणं त्यांना आवडलं नाही. खातं मात्र सुरू झालं. आता ती मालाचे पैसे आधी बाजूला काढते, उरलेले घरात देते आणि दर महिन्याला ३०० रुपये कुणाला न सांगता ठेवते. ते तिने मला सांगितलं आणि मी तुम्हाला सांगितलं. तिचं लग्न अजून ठरलेलं नाही. सासरचे काय म्हणतील ते मला माहीत नाही.

तर माझ्या यादीत धंद्याचं पहिलं भांडवल म्हणजे स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या मोबाइल नंबरला जोडलेलं बँक खातं. लोगो, इन्स्टाग्रामचं पेज, व्हिजिटिंग कार्ड ही सगळी नंतरची गंमत. इथल्या भावांनो, तुम्ही बहिणीला मदत करता म्हणता ना, तर तिचा क्यूआर कोड तिच्या खात्याचा आहे का, एवढं आज रात्री घरी जाऊन बघा.

आता प्रशिक्षणाबद्दल. आपल्याकडे पाच दिवसांचं, सात दिवसांचं, पंधरा दिवसांचं प्रशिक्षण होतं. शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट, पाहुणे, फोटो. माझ्याकडे येणाऱ्या एका ताईकडे अशी सहा सर्टिफिकेटं आहेत. हुनर तिला पहिल्या सर्टिफिकेटाच्या आधीपासून येत होतं.

याउलट एक उदाहरण कच्छमधलं आहे. ते मी मुद्दाम सांगते, कारण तिथले कारागीर बरेचसे आपल्यासारखे, मुस्लिम, मोहल्ल्यात राहणारे, बापाकडून शिकलेले. अजरख छपाई तुम्ही पाहिली असेल. गडद निळा आणि लाल, दोन्ही बाजूंनी छापतात. ती करणारे खत्री पूर्वी जवळपासच्या पशुपालकांसाठी कापड छापायचे. मग स्वस्त गिरणीचं आणि कृत्रिम कापड आलं आणि तो गिऱ्हाईक गेला. सत्तरच्या दशकात धमडका गावच्या मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी नैसर्गिक रंगांचं काम पुन्हा उभं केलं आणि मुलांना शिकवलं. त्यातले इस्माईलभाई खत्री पुढे इतके नावाजले, की २००३ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोहाचं प्रमाण वाढलं, रंग बिघडायला लागले. तेव्हा खत्रींनी मिळून भुजजवळ जमीन घेतली आणि अजरखपूर नावाचं नवं गावच वसवलं. पाणी बघून गाव वसवणं, याला मी धंद्याची अक्कल म्हणते.

त्याच कच्छमध्ये जूडी फ्रेटर नावाच्या अमेरिकन बाईंनी २००५ मध्ये कारागिरांसाठी डिझाइनची शाळा काढली, कला रक्षा विद्यालय. पुढे २०१४ पासून मुंबईच्या सोमय्या ट्रस्टच्या मदतीने सोमय्या कला विद्या सुरू झाली. बाईंचा मुद्दा साधा होता. शहरातला डिझायनर येतो, कागदावर चित्र देतो, कारागीर ते हुबेहूब करतो आणि मजुरी घेतो. नाव डिझायनरचं होतं. म्हणजे पिढ्यान्पिढ्या नक्षी काढणारा माणूस स्वतःच्याच कलेत मजूर झाला. मग डिझाइन कारागिरालाच का शिकवू नये?

त्यांनी शिकवण्याची वेळ कशी लावली, ते मला फार आवडतं. वर्षभराचा कोर्स, पण दोन-दोन आठवड्यांचे सहा तुकडे. दोन आठवडे शाळेत, मग घरी. घरी जाऊन आपल्याच मागावर, आपल्याच ठशांवर गृहपाठ करायचा. धंदा बंद पडत नाही आणि शिकलेलं लगेच हाताखाली येतं. पहिला तुकडा रंगांचा, पुढे डिझाइनची मूळ तत्त्वं, मग बाजार. बाजार म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी आणि दुकानात प्रत्यक्ष जाऊन बघायचं, की माझं कापड तिथे काय होतं, कशाशेजारी ठेवतात, कुठल्या भावाने विकतात. मग एका कल्पनेवर स्वतःचा संग्रह करायचा आणि शेवटी परीक्षकांसमोर तो मांडायचा. पुढे व्यवसाय व्यवस्थापनाचा वेगळा वर्गही आला. बायकांचे आणि पुरुषांचे वर्ग वेगळे ठेवले, त्यामुळे घरच्यांनी मुलींना पाठवलं. आपल्यातल्या काहींना हे वेगळे वर्ग पटणार नाहीत, मलाही पहिल्यांदा खटकलं होतं. पण वर्गात न बसलेल्या मुलीपेक्षा वेगळ्या वर्गात बसलेली मुलगी मला चालते.

असं काही सांगली-सोलापूरला करायला सोमय्या ट्रस्ट लागत नाही. एक खोली, महिन्यातले दोन रविवार आणि बाजारात फिरायला बसभाडं एवढं लागतं. तुमच्यातल्या कुणी कॉमर्स केलंय, कुणी फोटो काढतं, कुणी दुकानात कामाला आहे. तुम्हीच शिक्षक.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण प्रश्न तेच येणार आहेत.

उद्यम नोंदणी करा. ती ऑनलाइन होते, आधार लागतं आणि पूर्ण फुकट आहे. कुणी हजार-पंधराशे मागितले तर उठून या. तिचा सगळ्यात मोठा फायदा लोकांना माहीत नसतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेतली, की खरेदीदाराने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे आणि ती मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि त्यासाठी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन तक्रार करता येते. 'दिवाळीनंतर बघू' म्हणणाऱ्या दुकानदाराला हा कायदा लागू आहे. प्रत्येक जण तक्रार करेल असं नाही, गिऱ्हाईक तुटायची भीती असते. पण चलनाच्या खाली उद्यम क्रमांक आणि '४५ दिवसांत' असं छापलेलं असलं, तर बोलणं बदलतं. तोंडी काम घेतलं, चलन नाही, नोंदणी नाही, तर कायदा तुमच्यापर्यंत पोहोचणार कसा?

पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये आली. अठरा व्यवसाय आहेत. पहिलं कर्ज एक लाखाचं, ते फेडलं की दोन लाखांचं, कारागिराला पाच टक्के व्याज, हत्यारांसाठी १५ हजार. पण यादी नीट वाचा. शिंपी आहे, सुतार आहे, सोनार आहे, चपला करणारा आहे. जरदोजी-आरी नाही, विणकर नाही, वाद्य बनवणाराही नाही. आमच्याकडे आरीच्या मुलींना कुणीतरी 'टेलर लिहा, चालतं' सांगून फॉर्म भरवले. असं करू नका. जी शिवते तिने शिंपी म्हणून भरावं. बाकीच्यांनी हस्तशिल्प विकास आयुक्त कार्यालयाचं पहचान कार्ड काढावं, आणि यादीत आरी का नाही, हे आपल्या खासदाराला विचारावं. तोही आपला हक्कच आहे.

मुद्राचं शिशु कर्ज ५० हजारांपर्यंत मिळतं. राज्याचं मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळही आहे. मला माहीत आहे, इथे काही घरांत व्याजाचं कर्ज घेत नाहीत. त्यावर मी वाद घालणार नाही. मी एवढंच बघते, की पहिल्या वर्षी बहुतेकींना कर्जाची गरजच नसते. ब्लाउजची ऑर्डर घेताना निम्मे पैसे इसार म्हणून घ्या. ३३०० च्या ब्लाउजला १६५० आले, की मालाचे सातशे त्यातच निघाले. खेळतं भांडवल गिऱ्हाइकाने दिलं. इसार मागायला लाज वाटते, हे खरं. मंडपवाला इसार घेतो, केटरर घेतो, घोडीवाला घेतो. मग तुम्हालाच लाज का?

आता कारागीर नसलेल्यांशी बोलते. तुम्ही जास्त आहात इथे.

आपल्याच गल्लीतली पोरगी आहे म्हणून भाव पाडू नका. मॉलमध्ये तुम्ही घासाघीस करत नाही. चुलत बहिणीच्या निकाहचा दुपट्टा मात्र 'घर का काम है' म्हणून फुकट करून घेता आणि मग स्टेजवरून तिच्या हुनरचं कौतुक करता. कौतुकाने मोती येत नाहीत. कमी पैसे असतील तर कमी काम सांगा. भरलेल्या गळ्याऐवजी साधी किनार घ्या, पण घेतलेल्याचे पूर्ण पैसे द्या, आणि त्याच दिवशी द्या.

कॉमर्सवाल्यांनो, एका कारागिराची वही धरा. महिन्याला दोन तास. फोटो काढणाऱ्यांनो, खिडकीजवळच्या उजेडात दहा नगांचे फोटो काढून द्या आणि खाली बनवणारीचं नाव लिहा. तिला नाव नको असेल, घरच्यांची अडचण असेल, तर ती सांगेल ते नाव लिहा. पण ठरवू तिला द्या.

आणखी एक, जे बोललं की लोक नाराज होतात. अड्ड्यावर बसलेली दहा-अकरा वर्षांची पोरं. 'उस्ताद-शागिर्दची परंपरा आहे', 'बोटं लहान असताना काम बारीक होतं', हे मी खूप ऐकलंय. शाळा सुटल्यावर बापाशेजारी बसून सुई धरणं वेगळं आणि गावाहून आणून कारखान्यात दिवसभर बसवणं वेगळं. दुसऱ्याला परंपरा म्हणायची माझी तयारी नाही. ज्या धंद्याचा भाव पोरांच्या फुकट हातांवर टिकलाय, त्यात नवीन मुलीला तासाला साठ रुपये कधीच मिळणार नाहीत. तिचा भाव तोच पाडतो.

बोलायचं होतं ते झालं. आता काम. चहानंतर मागच्या खोलीत तीन टेबलं लावली आहेत. पहिल्यावर उद्यम नोंदणी, आधार आणि पॅन बरोबर ठेवा. दुसऱ्यावर बँकेच्या खात्याचे अर्ज, तिथे बसलेली ताई बंद पडलेलं खातं कसं सुरू करायचं तेही सांगेल. तिसऱ्यावर मी आहे. ज्यांनी स्वतःचा एखादा नग आणलाय, त्यांनी तो घेऊन या. आपण त्याचे तास मोजू, भाव काढू आणि पहिलं पान लिहू. वह्या मी आणल्या आहेत, एक वीस रुपयांना. फुकट नाहीत, माझ्याही वहीत खर्च लिहिलेला आहे.